तटाच्या आतली घरे

(जुन्या वस्त्यांच्या पुनर्विकासाविषयी खुलताबाद येथे नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'जुन्या वस्त्यांचा पुनर्विकास' असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. मी नगररचनाकार नव्हे, अभियंताही नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर बातम्या लिहिणारा माणूस. त्यामुळे नकाशे आणि तक्ते यांच्या भाषेत मला बोलता येणार नाही. मात्र पत्रकाराला एक सवय जडलेली असते. कोणत्याही योजनेची घोषणा झाली की पैसा कोठून येणार आणि तो कोणाच्या दारापर्यंत पोहोचणार, हे दोन प्रश्न त्याच्या मनात आधी उभे राहतात. याच दोन प्रश्नांच्या आधाराने मी आज बोलणार आहे.

खुलताबादचे नाव अधूनमधून देशभर गाजते. ते का गाजते, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. १७०७ साली आजच्या अहिल्यानगरला मरण पावलेल्या औरंगजेबाचे दफन येथे झाले. 'खुलताबाद' हे नावही त्याच्या मरणोत्तर उपाधीवरून आले आहे. २०२५च्या मार्च महिन्यात त्या कबरीवरून राज्यात वादळ उठले आणि कित्येक दिवस दूरचित्रवाणीच्या गाड्या येथे मुक्कामाला होत्या. पुढच्याच महिन्यात या गावाला 'रत्नपूर' हे जुने नाव पुन्हा देण्याचा विषय पालकमंत्र्यांनी काढला. नावाचा प्रश्न गौण आहे असे मी म्हणणार नाही. इतिहासाची जाण असलेल्या समाजाला नावांचे महत्त्व कळते. परंतु त्या साऱ्या गदारोळात एक गोष्ट सांगायची राहून गेली. कॅमेऱ्याच्या मागे, दोन-चार गल्ल्यांच्या अंतरावर, माणसांचे एक नांदते गाव आहे. २०११च्या जनगणनेत येथे पंधरा हजारांहून अधिक लोक राहत होते. नाव कोणतेही असो, त्यांच्या माळवदाला लागलेली गळती थांबलेली नाही.

हे गाव तटबंदीच्या आत वसले. नगारखाना, पांगरा, लंगडा, मंगळपेठ, कुणबी आळी अशी त्याच्या दरवाजांची नावे जुन्या दप्तरांत आढळतात. 'कुणबी आळी' हे नाव मला विशेष बोलके वाटते. थडगी, दर्गे आणि सरदारांच्या इमारती यांचे वर्णन करणारे पुष्कळ लेखक होऊन गेले. तथापि या तटाच्या आत शेतावर जाणारा कुणबी राहत होता, त्याची आळी होती आणि त्या आळीच्या नावाने वेस ओळखली जात होती, याची साक्ष ते एक नावच देते. आजचा आपला विषय त्या आळीचा आहे.

जुने घर म्हणजे मोडके घर, अशी आपल्याकडे अलीकडे एक समजूत झाली आहे. तिचा आधी विचार केला पाहिजे. मराठवाड्यातले माळवदाचे घर हे या हवामानाला दिलेले फार शहाणे उत्तर होते. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर किलचण आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. उजेडाला सवणे, बसायला ढेलज, रस्त्याशी बोलायला ओटा. वैशाखातल्या दुपारी अशा घरात शिरल्यावर जो गारवा मिळतो, तो सिमेंटच्या खोलीत पंखा लावूनही मिळत नाही. मात्र हे घर दरवर्षी हात मागते. मृगापूर्वी वर चढून माती पसरावी लागते, उंदरांची बिळे बुजवावी लागतात, पन्हळ मोकळी करावी लागते. एक पावसाळा हयगय झाली की पाणी तुळईपर्यंत पोहोचते.

आणि हयगय का होते? याचे उत्तर स्थापत्यशास्त्रात नाही, कुटुंबाच्या इतिहासात आहे. आजोबांचे घर चार भावांत खणाखणांनी वाटले गेले. एक भाऊ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत लागला, एक पुण्याला गेला, एकाने मुख्य रस्त्यावर दुकान घेतले आणि तिथेच वर खोली बांधली. चौथा म्हातारीला घेऊन मूळ घरात राहिला. बाकीच्या तिघांच्या खणांना कुलूप. त्या कुलूपबंद खणांवर माती टाकायला कोण जाणार? त्याचे पाणी सामाईक भिंतीत मुरते आणि जो घरात राहतो आहे त्याची भिंत आधी फुगते. तालुक्याच्या गावांतून हिंडताना मला वारंवार असे दिसले की जुन्या वस्तीचा खरा रोग दारिद्र्य हा नाही. दारिद्र्यातही लोक घर राखतात. खरा रोग म्हणजे बंद घर. एका गल्लीत पाच कुलपे लागली की दहा घरे धोक्यात येतात आणि मग राहणाऱ्यांनाही वाटू लागते की आपण उगीच मागे राहिलो.

छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्यासारख्या मोठ्या गावांत याच्या जोडीला भाडेकरूंचा प्रश्न येतो. मराठवाड्यात १९५४चा हैदराबाद राज्याचा भाडे नियंत्रण कायदा होता, पुढे १९९९चा महाराष्ट्राचा कायदा आला. भाडे जुने आणि डागडुजीचा खर्च नवा, अशा कात्रीत मालकाने वाडा पडण्याची वाट पाहायची आणि भाडेकरूने तो पडणार नाही अशी आशा करत राहायचे, हे नाटक शहरोशहरी चालू आहे. त्याच्या तपशिलात आज शिरत नाही.

आता उपाय. आपल्याकडे पुनर्विकास म्हटले की डोळ्यांपुढे मुंबई उभी राहते. वरळीच्या बीडीडी चाळी आपण ऐकून आहात. १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींत एकेका कुटुंबाला १६० चौरस फुटांची खोली होती आणि स्वच्छतागृहे सामाईक होती. १४ ऑगस्ट २०२५ रोजी तिथल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे एका खोलीत काढलेल्या गिरणी कामगारांच्या नातवंडांना स्वतःचे घर मिळाले, याचा आनंद कोणालाही व्हावा. भेंडीबाजारात दाऊदी बोहरा समाजाच्या न्यासाने २००९पासून साडेसोळा एकरांचा परिसर नव्याने उभारण्याचे काम हाती घेतले. समाजाने स्वतःच्या वस्तीची जबाबदारी स्वतः घ्यावी, ही त्यातली गोष्ट घेण्यासारखी आहे. काम लांबले की काय होते, हेही त्याच परिसराने दाखवले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी तिथली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे दगावली.

परंतु या दोन्ही ठिकाणचा पैसा कोठून येतो? जुन्या रहिवाशाला घर मोफत द्यायचे आणि त्याच जमिनीवर जास्तीचे मजले चढवून ते बाजारभावाने विकायचे, असे ते गणित आहे. वरळीत, भेंडीबाजारात त्या जास्तीच्या जागेला सोन्याचा भाव आहे, म्हणून ते जमते. खुलताबादच्या गल्लीत पाच मजले बांधले तर वरचे तीन मजले कोण घेणार? बांधकाम व्यावसायिक हा धर्मादाय संस्था चालवत नाही. त्याला नफा दिसला नाही तर तो येणार नाही, आणि आलाच तर वस्तीसाठी येणार नाही, रस्त्यालगतच्या चार गाळ्यांसाठी येईल. म्हणून मुंबईचा 'पुनर्विकास' हा शब्द येथे जसाच्या तसा आणू नये. लहान गावाचे नवनिर्माण जमिनीच्या भावावर होऊ शकत नाही. ते राहणाऱ्याच्या हाताने, थोड्याथोड्या सरकारी साहाय्याने आणि घरागणिक करावे लागते. हे सांगायला सोपे आणि करायला चिकाटीचे काम आहे.

दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे रस्ता रुंद करणे. संभाजीनगरच्या जुन्या भागात २०११च्या सुमारास रुंदीकरणाची मोठी मोहीम झाली. अशा मोहिमांनंतर काय होते, ते आपण सर्वांनी गावोगाव पाहिलेले आहे. घराचा दर्शनी भाग कापला जातो, ओटा जातो, ढेलज जाते, उरलेल्या अर्ध्या घराला तात्पुरता पत्रा लागतो आणि तो कायमचा होतो. मोकळ्या झालेल्या जागेत आधी दुचाकी उभ्या राहतात, मग हातगाड्या, मग चारचाकी. पायी चालणारा माणूस पूर्वी जेवढ्या अरुंद वाटेने जात होता, तेवढ्याच वाटेने, परंतु आता उन्हातून आणि वाहनांच्या मधून जातो. रस्ता रुंद करूच नये असे माझे म्हणणे नाही. अग्निशमनाचा बंब आणि रुग्णवाहिका आत गेलीच पाहिजे. पण त्यासाठी सरसकट साठ फूट लागत नाहीत.

येथे मी आपल्याला शंभर वर्षे मागे नेतो. पॅट्रिक गेडिस नावाचा एक स्कॉटिश विद्वान १९१४ साली हिंदुस्थानात आला. मूळचा जीवशास्त्रज्ञ; पुढे १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्या काळी मुंबईत प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा बोलबाला होता. दाट वस्ती पाडायची, सरळ रस्ता काढायचा, ही त्या काळातली सुधारणेची व्याख्या. हटवलेली माणसे शेजारच्या मोहल्ल्यात जाऊन आणखी दाटीने राहत, याचा हिशेब नसे. गेडिसने १९१५मध्ये मद्रास इलाख्यातल्या गावांची पाहणी केली, त्यात तंजावर होते. आपल्या भोसल्यांचे तंजावर. तिथल्या एका दाट वस्तीतून सरळ रस्ते काढण्याची योजना नगरपालिकेने आखली होती. गेडिस दिवसेंदिवस त्या बोळांतून पायी फिरला. कोणते घर खरोखर पडायला आले आहे, कोणते थोड्या डागडुजीने टिकेल, कोणत्या पडक्या जागेचा चौक करता येईल, कोणत्या झाडाभोवती पार बांधता येईल, याची त्याने नोंद केली. मोजकी पडकी घरे काढायची, त्यांच्या जागी लहान मोकळ्या जागा करायच्या, बाकीची वस्ती राखायची. त्याने याला राखून केलेली शस्त्रक्रिया म्हटले. नगरपालिकेच्या योजनेचा खर्च तीस हजार रुपये होता. गेडिसच्या योजनेला पाच हजार पुरणार होते. एकषष्ठांश! एवढ्यावरून त्याची योजना सर्वत्र स्वीकारली गेली असेल असे वाटेल, पण तसे फारसे झाले नाही. पाडण्याच्या कामाचे कंत्राट निघते, राखण्याच्या कामाचे निघत नाही. हे माझे मत, गेडिसचे नव्हे.

त्याचा दुसरा प्रसंग इंदूरचा, होळकरांच्या राजधानीतला. तिथे प्लेगची भीती होती आणि नगररचना करणारा हा दाढीवाला साहेब गल्लीत दिसला की लोक दारे लावून घेत, कारण साहेब आला म्हणजे घर पाडणार, असा अनुभव. गेडिसने महाराजांकडे एक विलक्षण मागणी केली: एक दिवसापुरते मला महाराज करा. महाराजांनी ती मान्य केली. मग त्याने जाहीर केले की येत्या दिवाळीची मिरवणूक हिंदूंच्या नेहमीच्या मार्गाने जाणार नाही आणि मुसलमानांच्या नेहमीच्या मार्गानेही जाणार नाही. ज्या गल्ल्यांतून सर्वाधिक घरे दुरुस्त झालेली आणि झाडलेली आढळतील, त्या गल्ल्यांतून जाईल. त्या काही आठवड्यांत गावात डागडुजीची झुंबड उडाली. कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर गेल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती, ती शेवटी जाळली. झाडूवाले नव्या कपड्यांत, गळ्यात हार घालून, सन्मानाने चालत होते. समरसतेवर आपण भाषणे पुष्कळ देतो. एका परक्या माणसाने ती दिवाळीच्या मिरवणुकीत उतरवली. मला यातून एवढेच दाखवायचे आहे की घर दुरुस्त करण्याची इच्छा लोकांत असते. त्या इच्छेला मुहूर्त आणि मान मिळाला की ती जागी होते.

आता जवळचे उदाहरण, आणि ते दुःखाचे आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. जी माणसे गेली, ती बव्हंशी आपल्याच दगडमातीच्या भिंतींखाली आणि वर्षानुवर्षे साचत गेलेल्या माळवदाच्या मातीखाली. मघाशी मी माळवदाचे कौतुक केले, त्याची ही दुसरी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाही. त्यानंतर दोन प्रकारचे काम झाले. बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवण्यात आली. घरे भक्कम होती. परंतु आखणी शहरातल्या वसाहतीसारखी: सरळ रेषेत घरे, रुंद रस्ते, गावाचा पसारा कित्येक पटींनी वाढलेला. भावकी विखुरली, शेजार तुटला, म्हाताऱ्या माणसांना देऊळ लांब पडले, बायकांना एकमेकींच्या ओट्यावर जाणे अवघड झाले. शेकडो-हजारो गावांत मात्र दुसरा मार्ग अवलंबला गेला. लोकांनी मूळच्याच जागी घरे बळकट करायची. शासनाने पैसा आणि अभियंता पुरवायचा. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड किंवा सिमेंटचे सांधे बसवणे, दारे-खिडक्यांच्या वर सभोवती काँक्रीटचा पट्टा घालणे, तुळई आणि खांब यांना तिरके आधार देणे, अशी ती कामे. दीड लाखांहून अधिक घरे अशा रीतीने घरमालकांनी स्वतः उभी राहून दुरुस्त केली किंवा बांधली. वर्तमानपत्रांत छायाचित्रे पहिल्या कामाची आली, कारण नवे गाव छायाचित्रात चांगले दिसते. दुसऱ्या कामात दाखवण्यासारखे काही नव्हते. माझ्या मते खुलताबादने शिकायचे ते दुसऱ्या कामापासून. ते तंत्र मराठवाड्यातच, आपल्याच गवंड्यांनी आत्मसात केलेले आहे. परदेशातून काही आणायचे नाही.

पण मग अडते कुठे? प्रथम कागदावर अडते. प्रधानमंत्री आवास योजना शहरी भागासाठी २०१५मध्ये सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०२४मध्ये आला. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाखांचे साहाय्य पहिल्या टप्प्यात होते. अट एक: जागा स्वतःच्या नावावर हवी. आणि जुन्या गावात नेमके तेच नसते. आखीव पत्रिकेवर पणजोबांचे नाव, वारसांची नोंद कधी केलेली नाही, भावाभावांत तोंडी वाटणी, काही जागा इनामी, काही वक्फच्या नोंदीतल्या, काहींचा वाद न्यायालयात. ज्याच्या घराला साहाय्याची सर्वाधिक गरज, त्याचाच कागद सर्वांत कच्चा. सरकारी अधिकारी वाईट असतो म्हणून नव्हे, तर नियमात बसणारा कागद त्याच्या हाती येत नाही म्हणून प्रकरण पडून राहते.

दुसरी अडचण खुलताबादची स्वतःची आहे. औरंगजेबाची कबर केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. २०१०च्या दुरुस्तीनंतर पुरातत्त्व कायद्याप्रमाणे अशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगीविना मनाई. शंभर मीटर म्हणजे किती, हे तटाच्या आतल्या गावात चालून पाहावे. आपल्या कित्येक गल्ल्या त्यात येतात. त्या गल्लीत राहणाऱ्याचा इतिहासाशी असलेला संबंध एवढाच की त्याला स्वतःचे पडके घर पाडून नवे बांधता येत नाही. मात्र येथे एक गोष्ट लोकांना नीट सांगितली जात नाही. त्याच कायद्यात निषिद्ध क्षेत्रातील जुन्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण यांना राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या व्यवस्थेतून परवानगी मिळते. नवे बांधकाम बंद आहे, डागडुजी बंद नाही. हा फरक न कळल्यामुळे माणूस एकतर काहीच करत नाही, किंवा रात्रीत पत्रे ठोकतो आणि नोटीस ओढवून घेतो. गावातला एखादा निवृत्त लिपिक, एखादा तरुण वकील यांनी हे अर्ज भरून देण्याचे काम हाती घेतले, तर दहा मोर्चांनी होणार नाही एवढे काम होईल.

आता चालण्याविषयी. या गावाइतके पायी चालण्याचे माहात्म्य जाणणारे गाव जिल्ह्यात दुसरे नसेल. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री संभाजीनगरहून भाविक पायी निघतात. दौलताबादचा वेढा घेऊन, घाट चढून, पंचवीस किलोमीटर चालत ते पहाटे भद्रा मारुतीला पोहोचतात. तरुण मुले, नवविवाहित जोडपी, पाठीवर लेकरू घेतलेल्या आया. त्या रात्रींसाठी वाहतूक वळवली जाते, ठिकठिकाणी चहा-फराळ असतो. चालणाऱ्या माणसाला त्या रात्री रस्त्यावर मान असतो. वर्षातल्या उरलेल्या दिवसांचे काय? येथल्या एखाद्या आजीला घरापासून दवाखान्यापर्यंत, शाळकरी मुलीला शाळेपर्यंत जाताना उघडे गटार ओलांडावे लागू नये, अंगावर वाहन येऊ नये, पाय ठेवायला सपाट जागा मिळावी, एवढीच अपेक्षा आहे. ती फार महागडी नाही. गटार झाकून त्याचीच पायवाट करता येते. बोळात फरशी घालताना उतार मध्यभागी न ठेवता कडेला ठेवला तर घराचा पाया कोरडा राहतो. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता एका दिवसासाठी केवळ पादचाऱ्यांना मोकळा केला, तेव्हा व्यापाऱ्यांनाही भीती होती. पण पायी येणारे गिऱ्हाईक दुकानासमोर थांबते. मोटारीतले पुढे निघून जाते. खुलताबादला बाहेरच्या गाड्या तटाबाहेर थांबवून आतला भाग चालणाऱ्यांसाठी ठेवणे, हे पुण्यापेक्षा किती तरी सोपे आहे, कारण गावाची मूळ रचनाच तशी आहे. वेस ही त्यासाठीच असते.

येथे तीर्थक्षेत्र विकासाचा मुद्दा येतो. शेजारी वेरूळला घृष्णेश्वर, येथे भद्रा मारुती, पलीकडे नाथांच्या तपश्चर्येचे सूलीभंजन, वर म्हैसमाळ. येणाऱ्यांची संख्या वाढतच जाणार आणि निधीही येणार. काशी विश्वनाथाच्या परिसराचे नवे रूप १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पित झाले, तेव्हापासून प्रत्येक क्षेत्राला तसेच काहीतरी हवे असे वाटू लागले आहे. काशीत तीनशेहून अधिक मालमत्ता विकत घेऊन मोकळी जागा केली गेली. विश्वनाथाच्या दर्शनाला अंग चोरून जावे लागे, ते थांबले, हे चांगलेच झाले. पंढरपुरात तसा विचार सुरू होताच मंदिराभोवतीच्या रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी विरोध केला. त्यांना विकासविरोधी म्हणून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्याला घरात उतरवून घेणारी ती माणसे आहेत. क्षेत्र म्हणजे केवळ गाभारा आणि भक्तनिवास नव्हे. ज्या वस्तीने देवाची नित्य सेवा केली, ती वस्तीही क्षेत्राचाच भाग आहे, हे आपल्या परंपरेने कधी नाकारलेले नाही.

२०२५मध्ये ज्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे काम या दृष्टीने पुन्हा वाचावे. घृष्णेश्वराचे आजचे देऊळ त्यांच्या काळचे. पण देशभर त्यांनी जे उभे केले त्याची यादी पाहिली तर देवळांच्या बरोबरीने घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रे दिसतात. पाणी, सावली आणि मुक्काम. आजच्या भाषेत ज्याला सामुदायिक सुविधा म्हणतात, त्या हेच नव्हेत काय? मग येणाऱ्या निधीतून भाविकांसाठी स्वच्छतागृह बांधताना ते गावातल्या बाजारकरणीलाही रोज वापरता येईल अशा जागी बांधावे. भक्तनिवासाच्या शेजारी अभ्यासिका असावी, जिथे दोन खणांच्या घरात पाच भावंडांत वाढणारा मुलगा रात्री दहापर्यंत वाचू शकेल. अंगणवाडी आणि दवाखाना तटाच्या आतच राहावेत. तालुक्याची प्रत्येक कचेरी महामार्गाकडे सरकते आहे, तशी त्यांनी सरकू नये. पडलेल्या एखाद्या घराची जागा वारसांच्या संमतीने घेऊन तिथे पार बांधावा, कडुनिंब लावावा, संध्याकाळी म्हाताऱ्यांनी बसावे. वाड्याच्या जागी व्यापारी संकुलच हवे, हा नियम कोणी केला आहे?

हे कोण करणार, असे आपण विचाराल. नगरपरिषदेला करावेच लागेल, तो तिचा धर्म आहे. पण तिच्याकडेही गल्लीगल्लीची माहिती नसते. म्हणून पहिले काम आपले. या सभागृहातल्या तरुणांनी चार-चारांच्या तुकड्या कराव्यात आणि येत्या दिवाळीनंतर, पावसाळा पूर्ण सरल्यावर, तटाच्या आतल्या प्रत्येक घरी जावे. गल्ली सोडायची नाही आणि घरही सोडायचे नाही. घर कोणत्या समाजाचे आहे हा प्रश्न कागदावर असू नये, कारण भिंती सामाईक आहेत आणि गटारही. विचारायचे ते एवढे: घरात किती माणसे राहतात, त्यांत साठीच्या पुढचे किती. छत कशाचे आहे, गळते का, कुठे गळते. शेजारचे घर बंद आहे का, मालक कोठे असतो, त्याचा दूरध्वनी कोणाकडे आहे. आखीव पत्रिकेवर कोणाचे नाव आहे. स्मारकापासून शंभर मीटरच्या आत येते का. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचे, बाहेर पडताना भीती कोठे वाटते. त्या जागी नकाशावर खूण करायची.

कुलूपबंद घरांची यादी झाली की त्यांच्या मालकांना पत्रे घालावीत. पुण्यात, वाळूजला, मुंबईत असलेली ही आपलीच माणसे आहेत. हनुमान जयंतीला ती येतातच. त्या दिवशी सकाळी दर्शन झाल्यावर दुपारी त्यांना त्यांच्या गल्लीत एकत्र बसवावे, वारस नोंदीचे कागद तिथेच भरून घ्यावेत, तलाठी आणि भूमापन कार्यालयातील माणसे उपस्थित राहतील असे पाहावे. ज्यांना परत यायचे नाही त्यांनी निदान छताच्या दुरुस्तीला संमती द्यावी. पहिल्या वर्षी एकच गल्ली घ्यावी. तिच्यात चार-पाच माळवदे उतरवून, किल्लारीनंतर शिकवलेल्या पद्धतीने भिंती बांधून घेऊन, हलके छत घालावे, गटार झाकावे, दोन दिवे लावावेत. कोणती गल्ली घ्यायची हे ठरवण्यासाठी गेडिसची युक्ती वापरायला हरकत नाही: जिथले लोक आधी ओटा धुऊन तयार असतील, ती.

पुढच्या शनिवारी पाहणीच्या कागदाचा नमुना घेऊन मी पुन्हा येईन. ज्यांना तुकडीत नाव द्यायचे आहे, त्यांनी दाराजवळच्या टेबलावर द्यावे. काही शंका असतील तर आता विचाराव्यात.